शब्दसूची, मसुदा तिसरा

महापे, चौथा मजला. काचेपलीकडे पारसिकचा डोंगर,
खाणीनं एका बाजूनं खाल्लेला.
अलीकडे मी, दोन रकाने, साय धरलेला चहा.
डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे माझा.
पैसे पानामागे मिळतात. अडायचं मात्र शब्दापाशी.

रिकव्हरीवरून सोमवारी दोन माणसं भांडली.
डॉक्टर तुळपुळे म्हणाल्या, बरं होणं.
लेखा विभागाचे संकलेचा म्हणाले, वसुली.
दोघंही बरोबर, म्हणून मिटेना.
शेवटी मी ओळच फोडली, १३६ अ, १३६ ब,
आणि मनात म्हटलं,
ज्याच्याकडून वसुली होते तो काही बरा होत नाही.
हे टिपेत लिहिलं नाही.

एक्स्पोजरचंही तेच.
रक्तात औषध किती भिनलं
आणि बँकेचे पैसे कंपनीत किती गुंतले,
त्यांना एक शब्द पुरतो.
आपल्याकडे भिनणं वेगळं, गुंतणं वेगळं.
निदान कोशात तरी.

घसारा मला आवडतो, जीभ घसरल्यासारखा.
गोळ्या दाबायचं यंत्र दर साली
कागदावर थोडं थोडं मरतं
आणि खाली तळमजल्यावर
तितक्याच जोरात खटखटत राहतं.

अर्धायुष्य तयारच होता, मला कष्ट पडले नाहीत.
डॉक्टरबाईंनी समजावलं :
अशी पाच अर्धायुष्यं गेली
की औषध शरीरातून गेलं असं धरायचं.
धरायचं?
हो, म्हणाल्या, थोडं असतंच. मोजण्यासारखं नसतं.

मग ओळ २१२. सेल्स व्हॉल्यूम.
मी विचारही न करता लिहिलं : खप.

जयवंत अठरा वर्षं एम.आर. होता, ठाणे ते पनवेल.
चॉकलेटी बॅग, टाय खिशात घडी घालून,
डॉक्टरच्या दारात पोचला की बांधायचा.
नौपाड्यातल्या त्या दवाखान्यात
शेवटचा पेशंट जाईपर्यंत भिंतीशी उभा,
खुर्च्या आजाऱ्यांच्या असतात म्हणून.
घरी बूट काढायच्या आत आकडा सांगायचा :
एवढं खपलं, एवढं राहिलं.
मार्चएन्डला तर झोपेतसुद्धा.

शोकसभेला त्याचे एरिया मॅनेजर आले होते.
म्हणाले, जयवंत कंपनीसाठी फार खपला.
अगदी मनापासून म्हणाले, आवाजही भरून आला.
लोकांनी माना हलवल्या.
मी त्या सतरंजीवर बसून
एका क्रियापदाचे अर्थ मोजत होते,
दोन, तीन,
आणि मला, देवाशपथ, हसू येत होतं.
नणंदेला वाटलं, हुंदका. तिनं पाठीवर हात ठेवला.

काल संकलेचांनी मसुदा परत पाठवला.
२१२ ला लाल रेघ : 'खप' ऐवजी 'विक्री' घ्यावे,
अधिक शिष्ट वाटते.
खाली दोन बटणं असतात, स्वीकारा आणि नाकारा.
तिसरं काही नसतं.
मी स्वीकारलं. शब्द पटकन नाहीसा होतो,
शेजारचे शब्द सरकून जागा भरतात.

संध्याकाळी पावण्याकडून तो वास आला,
कुजक्या लसणीसारखा. रिक्षावाल्यानं रुमाल बांधला,
मी पदर.
कोपरखैरण्याला घरी फ्रिजच्या दारात,
अंड्यांच्या खळग्यांत, अजून त्याची सॅम्पलं आहेत.
रक्तदाबाची. घरात कुणालाच नाही रक्तदाब,
होता त्यानं घेतली नाहीत. फुकट वाटायची चीज
आपण कशी खायची, म्हणायचा.
पट्टी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली.
डॉक्टरांसाठी नमुना, विक्रीसाठी नाही.
मुदत : पुढच्या वर्षीचा मार्च.

परत जागेवर ठेवली.
अंडी आम्ही हल्ली बाहेरच ठेवतो, ओट्यावर,
स्टीलच्या डब्यात.