भिशी

बाबा गेल्यावर एकेचाळिसाव्या दिवशी
मी फ्लॅट विकायला काढला.
अजमान, राशिदिया, सातवा मजला.
बाल्कनीत उजवीकडे मान ताणली
की दोन टॉवरांच्या फटीत
पंजाएवढा समुद्र दिसतो.
जाहिरातीत मी तोही लिहिला.

निनादचा हॅलिफॅक्सहून मेसेज :
घाई करू नकोस, ताई. भाव येऊ दे.

टायपिंग सेंटरातल्या मल्याळी माणसाने
कागद उलटसुलट करून पाहिले,
मग कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली
आणि आजारी माणसाशी बोलावं तसं
हळू म्हणाला :
सिस्टर, हा तुमचा नाही.
विकलाय. जुलै दोन हजार नऊ.
घेणाऱ्याचं नाव दिलमुराद.

दिलमुराद म्हणजे आमच्याच इमारतीखालचा पडदेवाला.
ग्वादरचा बलुच, तोंडात कायम दोन टाचण्या.
त्याने आमच्या हॉलचे पडदे शिवले होते,
त्याच वर्षी, मोरपंखी,
आणि आईने घासाघीस करून वीस दिरहम कमी करून घेतले होते
त्याच्याच घराच्या खिडक्यांसाठी.

दर एक तारखेला तो वर यायचा.
आई कोकम सरबत द्यायची.
तो अर्धं प्यायचा, उरलेल्याकडे संशयाने बघायचा.
बाबा टीपॉयवरचा पेपर घडी घालून त्याला द्यायचे
आणि इंग्रजीतलं अक्षरही न येणारा तो माणूस
पेपर काखेत मारून
सात मजले लिफ्टने उतरून जायचा.
एकदा घडीतून पाकिटाचं टोक दिसलं.
काय आहे ते, मी विचारलं.
भिशी आहे गं, बाबा म्हणाले.
मग आपला नंबर कधी?
लागेल.

सोळा वर्षं.
मी मनात गुणाकार करत शारजाच्या सिग्नलला थांबले,
मागच्याने हॉर्न वाजवला तरी
माझा हातचा चुकतच होता.

घरी आई मेथी निवडत होती.
मी कागद समोर ठेवले.
तिने जुडीतला रबरबँड काढला,
मनगटात अडकवला,
कागदांना हातही लावला नाही.
साक्षीदार म्हणून सही माझीच आहे, म्हणाली.
शेवटच्या पानावर बघ.

शेवटच्या पानावर :
सुलभा यशवंत हिंदळेकर,
'ळ' नेहमीसारखा जरा जास्तच गोल.

मंदीत कोण घेत होतं घरं?
क्रेनसुद्धा उभ्या होत्या तशाच, वाळूत.
दिलमुरादने भाव पाडला नाही.
म्हणाला, राहा तुम्ही, मला एकट्याला कशाला एवढं.
आणि निनादच्या फीची तारीख चार दिवसांवर.

एवढं बोलून ती पुन्हा मेथीकडे वळली.
पानं इकडे, देठ तिकडे.
मग म्हणाली, त्याला नाही सांगायचं.
का?
तो हिशोब करत बसेल.

मी करत नाहीये का?
हे मी मोठ्याने म्हटलं नाही.
आमच्या घरात न म्हटलेलं
कुठे ठेवतात ते मला आता कळलं होतं.

रात्री मी बँकेचं ॲप उघडलं.
क्लिनिकमधली अकरा वर्षं, दाताच्या एक्स-रे खोलीत
शिशाचा एप्रन घालून उभी राहून जमवलेली ठेव.
मोडली.
निनादला लिहिलं : विकला. तुझा अर्धा हिस्सा पाठवतेय.
त्याचं लगेच उत्तर :
एवढाच? तू फार घाई केलीस.
खाली एक हसरा चेहरा.

एक तारखेला दिलमुराद आला.
मी पेपर घडी घालून दिला.
त्याने घेतला, पण उठला नाही.
पडद्यांची खालची शिवण उसवलीय, म्हणाला,
काढून द्या, नीट करून देतो.
आईने विचारलं, किती घेणार?
आणि दोघं पाच मिनिटं भांडली.

तो गेल्यावर तिने दुधाची वही काढली.
निनादला आकडा किती सांगितलास?
फोनवर त्याने विचारलं तर
माझं वेगळं नको निघायला.

मी सांगितला.
तिने तो लिहून घेतला,
पुढे 'फ्लॅट विक्री',
आणि खाली दोन लिटरच्या ओळीत
आजची तारीख.