चौदावी बरणी

एप्रिल. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास,
महाराजबागेकडच्या प्रयोगशाळेत चौदा बरण्या.
प्रत्येकीत काटोल रोडच्या रोपवाटिकेची माती,
चाळलेली, अर्धा किलो.
आणि दहा-दहा हुमण्या,
काजूगरासारख्या वाकलेल्या.

त्या देवाजी उईकेंनी आणल्या
तेलंगखेडीच्या गोठ्यामागच्या शेणखतातून,
हातानं, एकेक. मला चिमटा लावू दिला नाही.
"मांगं काळं दिसते नं, ते तिचं जेवण हाय, मॅडम. दाबू नका."

पाच बरण्यांत डॅझोमेट, रव्यासारखी पूड,
वास उशिरा येतो, डोळे आधी भरतात.
पाचांत मोहरीची पेंड.
पाणी पडलं आणि फोडणी थेट नाकात बसली.
देवाजी तीनदा शिंकले :
"औषध हाय का लोणचं?"
उरलेल्या चारांत काहीच नाही. नुसती माती.
त्यांना आम्ही तुलना म्हणतो.

झाकणं मेणानं बंद. सात दिवस
घरी वरणाला मी जिऱ्याचीच फोडणी दिली.
कोणी विचारलं नाही.

आठव्या दिवशी मोजणी.
माती ट्रेवर, मऊ ब्रश, एक स्पर्श.
हलली तर जिवंत.
नाही हलली तर पाचपर्यंत मोजून पुन्हा.
नियम दोनच स्पर्शांचा आहे.
देवाजी तिसरा करतात,
मी तेवढ्यात पेनचं टोपण शोधते.

डॅझोमेट : पन्नासातल्या पन्नास.
मोहरी : एकतीस. बाकी एकोणीस
नुसता जबडा हलवत पडलेल्या.
सर म्हणाले, पाय हलत नसतील तर मेल्यांत धरा.
धरल्या.
पेंडीचा आकडा एकदम देखणा झाला.

चौदाव्या बरणीत नऊ जिवंत.
दहावी सापडेना. माती दोनदा चाळली.
तळाशी एक ढेकूळ, सुपारीपेक्षा थोडं मोठं,
फोडलं तर आतून लिंपल्यासारखं गुळगुळीत
आणि मधोमध कोष, ताज्या डिंकाच्या रंगाचा,
पाय छातीवर घडी घालून.

ब्रश लावला. नाही.
पाच मोजले. नाही.
"थांबा नं जराक," देवाजी म्हणाले,
"नव्या घरी आलेलं माणूस लगेच बोलते काय?"

तक्त्यात रकाने दोनच.
मी पेन धरून बसले,
ते थुंकीनं माती भिजवून
ढेकळाची फट अंगठ्यानं बुजवत राहिले.

चौदाव्या ओळीत नऊ लिहिलेत.
बेरीज एकानं कमी भरते.
सरांनी विचारलं तर सांगेन, हरवली.
खिडकीत, सावलीच्या बाजूला,
एक कप झाकून ठेवलाय.