डावा हात

मेडिकलच्या अठरा नंबरात
अंडर-फिफ्टीनची पोट्टी बाकावर बसलीत,
मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या,
आधार, दाखला, हेडमास्तरांचं पत्र.
मला फक्त डावा हात लागतो.

"बोटं पसर. हलू नको बे."
हर्षल कुंभरे. कागदावर चौदा पूर्ण.
हनुवटीखाली ब्लेड लागलंय,
तिथं पेपरचा कपटा चिकटलेला.

कोवळ्या मनगटात एक काळी फट असते.
हाड अजून वाढून राहिलं, असं सांगणारी.
याची बुजली.
उरली पांढरी रेघ,
आतून कडी लावल्यासारखी.

दाराबाहेर कोच मोबाइलवर.
माझ्याकडे पाहत नाहीत.

ती दोन-तीन वर्षं कुठली असतील?
कळमन्यात मिरचीची पोती उतरवली, ती?
नववीत दोनदा बसला, ती?
खोडली दुसऱ्याच कोणी.
जगला मात्र हाच.

माझाही वाढदिवस एक जून.
गुरुजींनी अर्ध्या वर्गाला तोच वाटला होता.
माय म्हणायची, तू झाला तेव्हा
बोरं पिकली होती.
म्हणजे थंडीच. कोणत्या सालची, तिलाही नव्हतं माहीत.
येत्या एकतीस मेला रिटायर होतो,
गुरुजींच्या हिशोबानं.
माझ्या मनगटाचा फोटो
कोणी मागितला नाही.

"काका, काय आलं?"
"रिपोर्ट मॅडम देतील."
तो पिशवी छातीशी धरून उभाच.

प्लेटवर घामाचा पंजा उमटलाय,
पाचही बोटं स्वच्छ.
फडकं घेतो.
पुसायला जरा वेळ लावतो.