दीड ओळ

किशिनावच्या त्या पुस्तकदुकानात
लिओन्तिना चष्मा पुसत म्हणते,
"बघू, कोणतं काढलंत?"

जाडजूड पुस्तकात अख्खा मोल्दोव्हा
रोमानियाच्या शेपटाला, बावीस पानांत.
दुसऱ्यात फोटोच फोटो:
द्राक्षं, मठ, परत द्राक्षं.

ती तिसरं काढते, पाठीला चिकटपट्टी,
आणि सूचीत आधी आपलं गाव शोधते.
"आहे. दीड ओळ.
विहिरीचं पाणी गोड म्हणतोय, म्हणजे प्यायलाय.
बसची वेळ मात्र चुकली."

पेन्सिलीनं खोडून नवी घालते.
जरा थांबून, समासात:
अग्रिपिना, निळं फाटक.

"आई. ऐकू कमी येतं,
हाक जोरात मारा.
आणि ही वेळ चार वर्षांपूर्वीची.
बदलली असेल
तर येऊन सांगा."