कपाट

जुन्या बाजारातून रविवारी आणलं.
साडेपाच सांगितले, साडेचारला दिलं.
शिसवी आहे, म्हणाला रशीद आतार.
खोटं असावं; पण जड खरंच होतं.
आतल्या फळीवर कुणीतरी खडूनं लिहिलेलं:
गहू चार पायली. मीठ नाही.

टेंपो नव्या पेठेत पोचला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं.
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
हमाल दोघे, लिंबाजी आणि त्याचा मेहुणा;
मेहुणा दर वळणावर कपाट टेकवून मोबाइल बघायचा.

दारात अडलं.
आडवं केलं, तिरकं केलं, पाय काढून पाहिले.
बोटभर. फक्त बोटभर.
चौकटीचा टवका उडाला तसा मेहुणा म्हणाला, "अरर!"

आणि मी, आठवी ते दहावी संस्कृतच्या शिकवण्या घेणारा माणूस,
जिन्यातच सांगू लागलो
की अरर म्हणजे संस्कृतात दाराची फळी
आणि कपाट म्हणजेही तेच, दार;
बद्रीनाथची कपाटं उघडली अशी बातमी येते ना, ती.
मराठीपर्यंत येता येता
दारामागचं घर वाटेत कुठंतरी उतरून गेलं,
उरल्या दोन फळ्या आणि हातभर अंधार,
त्यातच आपण डांबरगोळ्या टाकून...

"सर," लिंबाजी म्हणाला, खांदा न हलवता,
"तुमचं दार काढावं लागंल."

एक कपाट निघालं, तेव्हा दुसरं आत आलं.

बिजागरीचे स्क्रू गंजलेले, दोन जागीच तुटले.
सुतार फोनवर म्हणाला, उद्या.
म्हणजे परवा.
रात्री मृदुला म्हणाली, उघड्या घरात मी झोपणार नाही.
मग आम्ही दोघांनी ढकलत, फरशीवर चरे पाडत
ते दारातच नेऊन उभं केलं:
पाठ जिन्याकडे, तोंड आमच्याकडे.
कुठंही फट नाही.

"आता कपाट लाव," ती म्हणाली.
दार लावतात म्हणजे बंद करतात,
कपाट लावतात म्हणजे घड्या घालतात.
कुठलं, ते मी विचारलं नाही.
बारा वाजेपर्यंत घड्या घातल्या,
मग फळ्या ओढून घेतल्या.
बऱ्याच दिवसांनी आम्ही एकाच कामात होतो.

सकाळी टकटक.
डोईफोडेबाईंचा आवाज लाकडातून बारीक होऊन आला:
"पेपर खाली पडलाय तुमचा!"
मी अर्धवट झोपेत गेलो
आणि सवयीनं उघडलं.

तिच्या साड्या. माझे दोन स्वेटर.
खडूतले गहू.
त्यांच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं, वाट बघत.

"आलो, आलो," मी म्हणालो
साड्यांना.