सात टाके

सदरला, मंगळवारी बाजाराच्या मागल्या गल्लीत
लियाओ डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता.
बंद झाला त्या मे महिन्यात
खुर्ची भंगारात गेली, कवळ्यांचे साचे उकिरड्यावर,
आणि हा काळा वाडगा
समोरच्या डोमाजी कल्हईवाल्याच्या भात्याशेजारी.
'आठशे वर्षांचा,' डॉक्टर म्हणाले होते,
'निदान माझे पणजोबा तसं सांगायचे,'
आणि हसले होते, सोन्याच्या दातासकट.

मी पाहिला तेव्हा त्यात नवसागर होता.
काळा, पण नुसता काळा नाही:
काठाकडून आत तपकिरी रेघा उतरलेल्या,
सशाच्या पाठीवरून वारा जावा तशा.
बाहेरून झिलई तळाच्या वरच थबकलेली,
एक जाड थेंब पडू की नको करत.
त्याखाली उघडी माती.
तिथं अंगठा.
मी माझा लावून पाहिला; मोठा पडला.
बाईचा असेल, नाहीतर पोराचा.

डोमाजीला यातलं काही दिसत नव्हतं.
तो तड्यावरून नख फिरवत होता.
तांब्याचे सात टाके, मुंगळ्याएवढे.
"भोक आरपार नाही गेलं, पाहून राहिले ना?
अर्ध्या मातीत हात थांबला त्याचा.
सूतभर पुढं जाता तर वाडगा गेला असता.
आन् हा पाचवा वाकडा हाय.
पाचव्याच्या वक्ताले
कोनं तरी हाक मारली असंल त्याले."

कॉलेजातले एक सर येऊन गेले, भिंग घेऊन.
म्हणाले, अस्सल असेल,
किंवा अस्सलची जुनी नक्कल;
टाक्यांमुळे मात्र किंमत पडते.
डोमाजीनं भाता जरा जोरात ओढला.

सर वळणापार गेले तसा
त्यानं नवसागर डब्यात ओतला,
राखेनं वाडगा घासला, तीनदा विसळला,
टपरीवरून चहा आणवला,
सेहेचाळीस डिग्रीत उकळता, आल्याचा,
आणि काठोकाठ भरला.

आम्ही तड्याकडे बघत बसलो.
गल्लीत कुणाचा तरी कूलर घरघरत होता.
पाचव्या टाक्यापाशी एक थेंब चमकला.
डोमाजीनं बोटानं टिपला, चाटला.
"खारट हाय," म्हणाला, "माहाच घाम,"
आणि कपाळ पुसलं.

मग दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं धरला.
"घ्या. आधी तुमी."

चहाला किंचित नवसागराची चव होती.