हंगामाची यादी

जुन्या नाटकातल्या दाराच्या पाठीवर
हिमानीनं खडूनं तारखा लिहिल्या.
ऑगस्ट : दोन पात्रं, एक सायकल.
ऑक्टोबरचं अजून लिहून व्हायचंय,
जुनैद म्हणतो, शेवट सापडलाय, सुरुवात नाही.
डिसेंबरात, सगळ्यांना स्वेटर चालतील
असंच काहीतरी.

डिमर एकच. तोही
चापट खाल्ल्याशिवाय उजळत नाही.
तालमीनंतर गणेशखिंडीतल्या टपरीवर
सात जणांत चार चहा,
उधारी नाट्यमंडळाच्या नावावर,
म्हणजे कुणाच्याच नाही.

पुढच्या जुलैपाशी हात थांबला.
तोवर हिचं एम.ए. संपलेलं.
तिनं तारीख तेवढी लिहिली,
नाटकाची जागा कोरी ठेवली,
मग दार सुलटं फिरवून
तालमीला उभं केलं.

त्यातून पहिल्या वर्षाची एक पोरगी आत आली,
उशिरा,
वाक्य विसरून.